खेळासाठी खोटा पत्ता

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारची वेळ होती. एक गिऱ्हाईक माप द्यायला आलं होतं आणि माझी मापांची वही सापडेना. म्हणून लेकीची जुनी वही ओढली आणि शेवटचं पान उघडलं. पानावर तिच्याच अक्षरात तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. नावाखाली पत्ता होता अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरातल्या एका हॉटेलचा! पिनकोड, फोन नंबर सगळं व्यवस्थित.

मैत्रिणींनो, अकरावीतल्या मुलीच्या वहीत हॉटेलचा पत्ता सापडल्यावर आईचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पोटात गोळाच आला. गिऱ्हाइकाचं माप कसंबसं घेतलं. छातीचं माप कमरेच्या रकान्यात लिहिलं, हे नंतर लक्षात आलं. बाई गेल्यावर लेकीला समोर बसवलं.

"हे काय आहे?"

ती वहीकडे बघून आधी घाबरली आणि मग चक्क हसू दाबायला लागली. "मम्मी, तुला वाटतंय तसं काही नाहीये गं. ते गेमचं आहे."

"गेमला हॉटेल कशाला लागतं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्याकडे टीव्हीला जोडून खेळायचं एक परदेशी यंत्र आहे. माझ्या भाच्यानं ते सुरतहून जुन्यात आणून दिलं. लेकीचे दहावीला मिळालेले बक्षिसाचे पैसे आणि माझ्या भिशीतले थोडे असे मिळून अकरा हजार झाले होते. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याची मुलगी आणि माझी लेक बरोबरीच्या. दोघींना एकच गेम मिळून खेळायचा होता. भाचीकडे तो होता. आमच्या लेकीनं यंत्रावरच्या दुकानात शोधला, तर तो तिथे नव्हताच. महाग नव्हता, संपलेला नव्हता. भारतासाठीच्या दुकानात ठेवलेलाच नव्हता. भाचीनं तिथून भेट म्हणून पाठवायचं ठरवलं, तर तेही जमेना. देश वेगळा, दुकान वेगळं.

मग कुणीतरी मोबाईलवर सांगितलं की अमेरिकेच्या दुकानाचं कार्ड घे, त्याचा नंबर टाकला की काम होतं. लेकीनं माझ्याकडून "प्रोजेक्टसाठी" म्हणून पैसे नेले आणि त्या अनोळखी माणसाला २४०० रुपये पाठवले. नंबर आला, पण तो आमच्या खात्यावर चालेना, कारण खातं भारताचं आणि कार्ड अमेरिकेचं. म्हणून अमेरिकेतला पत्ता घालून तिनं दुसरं खातं उघडलं. पत्ता कुठून आणायचा? नकाशात जे पहिलं हॉटेल दिसलं त्याचा! तेवढं करून नंबर टाकला, तर उत्तर आलं की हे कार्ड आधीच वापरलेलं आहे. विकणाऱ्याला फोन केला तर त्यानं नंबर ब्लॉक केला होता.

२४०० रुपये म्हणजे माझ्याकडे अस्तराचे आठ ब्लाऊज. आठ ब्लाऊजची कटाई, शिलाई, हुक आणि तुरपाई सगळं त्या माणसाच्या घशात गेलं. पण खरं सांगते, पैशापेक्षा मला ते "प्रोजेक्टसाठी" जास्त लागलं. त्या दिवशी मी ते यंत्र उचललं आणि गोदरेजच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं.

शेजारच्या आक्का दोंडाईचाकडच्या. त्यांना कळायला वेळ लागला नाही. "मी तं पहिलेच सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या, "पोर दिनभर खेयस, तू तिले काही सांगत नही का वं?" मुलगा असता तर आक्का इतकं बोलल्या असत्या का? त्यांचा नातू रात्री अकरापर्यंत चौकात मोबाईलवर खेळत बसतो, त्याचं काही नाही. मुलीच्या हातात खेळाचं काही दिसलं की मात्र सगळ्यांना तिची भांडी आठवतात.

आमचे हे एस.टी.त आहेत. रात्री ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोटं बोलली ते चूक. पण तो गेम इथे विकतच का नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही. रात्री झोप येईना, तेव्हा मीच मनाशी म्हटलं, ज्या गोष्टीसाठी आपण पोरीला शिक्षा केली ती गोष्ट आपल्याला नीट समजली तरी आहे का?

आम्ही नवापूरचे. आमचं रेल्वे स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी सुरत-भुसावळ गाडीतून पाहिलं असेल. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा सीमा स्टेशनातूनच गेली. लोक तिथे फोटो काढतात, हसतात आणि गाडीत बसतात. आम्हाला त्या रेघेचं काही वाटत नाही. सोयरिकी तिकडे, बाजारहाट तिकडे. म्हणूनच असेल, पण आमच्या पोरांना जेव्हा कुणी सांगतं की हा खेळ तुमच्या देशात मिळणार नाही, तेव्हा त्यांना ते खरंच वाटत नाही. रेघ दिसत तर नाही, मग जायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी लेकीला म्हटलं, "बस इथे. मला सगळं समजावून सांग." तिला आश्चर्य वाटलं. मग दोन-तीन दिवस ती मला शिकवत होती, मी विचारत होते. थोडं मी भाच्याला विचारलं, थोडं भावाला. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते.

मुलांच्या खेळाच्या वाटेवर तीन तऱ्हेचे "नाही" असतात आणि आपण आया ते तिन्ही एकाच पोत्यात घालतो.

पहिलं "नाही" सरकारचं. २०२० च्या जूनमध्ये सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. मग २ सप्टेंबर २०२० ला आणखी ११८ अ‍ॅप बंद झाली, त्यात पब्जी मोबाईल होता. लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोरं त्याच्यावरच होती, तुम्हाला आठवत असेल. देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती बाहेर जाणं ही कारणं सरकारनं दिली होती. पुढे २ जुलै २०२१ ला त्याच खेळाचं भारतासाठीचं रूप बीजीएमआय नावानं आलं, २०२२ च्या जुलैअखेर तेही दुकानातून काढलं गेलं आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आलं. मधल्या काळात फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेनं कायदाच केला, की पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालणार नाहीत. तो कायदा नुसत्या करमणुकीच्या गेमवर नाही, पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, हा फरक आपण लक्षात ठेवायला हवा.

या पहिल्या "नाही"ला वळसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हीपीएन म्हणून एक प्रकार असतो. त्यानं आपला फोन दुसऱ्याच देशात असल्यासारखं भासवता येतं. ती गोष्ट मुळात वाईट नाही. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं घरून काम करताना तीच वापरतात. पण बंदी घातलेला खेळ खेळायला मुलं फुकटातलं कुठलंही व्हीपीएन आणि कुठल्याही साइटवरून खेळाची फाइल उतरवतात. त्याच फोनमध्ये आपला यूपीआय असतो, बँकेचा ओटीपी येतो, आपले फोटो असतात. दार उघडं टाकून जत्रेला जाण्यातलाच हा प्रकार.

दुसरं "नाही" कंपनीचं. आमच्या घरातलं भांडण यातलं होतं. यात कायदा आड येत नाही. कंपनीनं आपल्या देशासाठी दुकान उघडलेलं नसतं, किंवा उघडलं तरी सगळा माल तिथे ठेवलेला नसतो. कुणाबरोबर करार झालेला नसतो, कुठे हिशेब बसत नसतो, कुठे इथलं गिऱ्हाईक त्यांना महत्त्वाचं वाटत नसतं. सोनीचा प्लेस्टेशन ५ बाहेरच्या देशांत नोव्हेंबर २०२० मध्ये आला. आपल्याकडे तो आला २ फेब्रुवारी २०२१ ला आणि किंमत होती ४९,९९० रुपये. तेवढ्यात आमच्याकडे बऱ्यापैकी जुनी मोटारसायकल येते.

यातली एक गोष्ट ऐकून तर मला गंमतही वाटली आणि वाईटही. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची कंपनी आहे. त्यांनी 'राजी' नावाचा खेळ तयार केला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला राक्षस पळवून नेतात आणि ती दुर्गेनं दिलेला त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. आपल्या देवळांसारखी देवळं, आपल्या वाड्यांसारखे वाडे, सगळं त्यात आहे. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० ला सगळ्यात आधी आला तो निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर. आणि ते यंत्र त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं, त्याचं ऑनलाइन दुकानही भारतासाठी नव्हतं! म्हणजे पुण्यात बनलेली, दुर्गेचा त्रिशूळ हातात घेतलेली मुलगी आधी परदेशातल्या मुलींना भेटली. दुसऱ्या यंत्रांवर आणि कॉम्प्युटरवर ती आली ऑक्टोबर २०२० मध्ये. आपल्याच माणसांनी केलेली वस्तू आपल्याला आधी मिळू नये, यात कुणा एकाचा दोष काढता येत नाही. पण दुकान कुठे उघडायचं हे ठरवताना आपण कुणाच्या खिजगणतीत नव्हतो, एवढं मात्र कळतं.

खरं म्हणजे पहिलं आधार कार्ड आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. देशाला ओळख देण्याची सुरुवात जिथून झाली, तिथल्या पोरीला एका खेळासाठी अमेरिकेतल्या हॉटेलचा पत्ता लिहावा लागतो!

आता किमतीचं. ही गोष्ट मी माझ्या पद्धतीनं, ब्लाऊजच्या हिशेबानं समजून घेतली. मोठा नवीन खेळ आपल्याकडे ४,९९९ रुपयांपर्यंत जातो. म्हणजे माझे अस्तराचे जवळजवळ सतरा ब्लाऊज. आपल्या रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. त्या हिशेबानं एका खेळाला सोळा दिवसांची मजुरी लागते. भावाला विचारलं तर तिकडे तसाच मोठा खेळ ७० डॉलरला आणि तिथल्या केंद्र सरकारनं ठरवलेली कमीत कमी मजुरी तासाला सव्वासात डॉलर. म्हणजे तिथल्या सगळ्यात गरीब मजुराचे दहाएक तास. तोच खेळ, तीच तबकडी. एकाला सव्वा दिवसाचं काम, दुसऱ्याला सोळा दिवसांचं.

आणि खेळ घेतला म्हणजे संपलं असंही नाही. एकेक खेळ ६० जीबीचा, कधी त्याहून मोठा. आमच्या घरी रोज २ जीबीचं रिचार्ज. दुसरं काहीही न बघता, कुणाला व्हिडिओ कॉल न करता, तो उतरवायला ३० दिवस लागतील! म्हणून आमची लेक सुट्टीत यंत्र पिशवीत घालून सुरतला भाच्याकडे नेते आणि त्याच्या वायफायवर खेळ भरून आणते, जशी मी गव्हाचं पोतं दळून आणते. हे झालं नवापूरचं. अक्राणीतल्या कितीतरी पाड्यांवर अजून साध्या फोनच्या रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तिथल्या मुलींनी खेळाचं नाव तरी कशाला काढावं?

आता तिसरं "नाही". ते आपल्या घरातलं आणि ते मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण ते मी स्वतः भोगलेलं आहे.

माझं माहेर शहाद्याचं. १९९५ च्या सुमाराला दादासाठी वडिलांनी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला होता. पिवळी कॅसेट. तिच्यावर लिहिलेलं असायचं, हजारो गेम. असायचे मोजून आठ-दहा, तेच ते पुन्हा पुन्हा. मारिओ आणि कॉन्ट्रा ठरलेले. गल्लीतली सगळी मुलं आमच्या ओसरीवर गोळा व्हायची आणि मी व माझी मैत्रीण दाराशी उभ्या राहून बघायचो. आमचा नंबर कधी यायचा? मुलं जेवायला उठली की. तेवढ्यात आईची हाक यायची, "अगं, पाणी घे, ताटं वाढ." मी कधीच मारिओला शेवटच्या किल्ल्यापर्यंत नेऊ शकले नाही. खेळता येत नव्हतं म्हणून नाही, वेळच मिळाला नाही म्हणून.

आम्हाला त्या वेळी कुणी बंदी घातली नव्हती. कुणी किंमतही मागितली नव्हती. पण खेळ आमचा नव्हता. आणि परवा मी कपाटाला कुलूप लावलं तेव्हा मीही तेच केलं. मुलानं असं काही केलं असतं तर मी रागावले असते, चार दिवस बोलले नसते, पण यंत्र कुलपात ठेवलं असतं का? स्वतःला खरं उत्तर द्यायला मला जड गेलं.

मुलं खेळायला बाहेर जातात. मैदान, चौक, नदी, मित्राचं घर. आपल्या छोट्या गावांत मुलगी मोठी झाली की तिची सायकल बंद होते, संध्याकाळी सात नंतरचा रस्ता बंद होतो. तिच्याकडे उरतं काय, तर हे घरातलं चौकोनी मैदान. तिथे तरी तिला धावू द्या, उड्या मारू द्या, हरू द्या आणि जिंकू द्या. खेळ म्हटलं की वाया गेलेला वेळ, हे आपल्या बायकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की आपण स्वतःही मोबाईलवर लुडो खेळतो तो चोरून. कुणी आलं की फोन पालथा!

म्हणून मला वाटतं, नुसतं बंद करणं हे उत्तर नाही. बंद केलं की मुलं खेळायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात. माझ्या लेकीनं मला आधीच सांगितलं असतं तर ते २४०० रुपये गेले नसते. तिनं का सांगितलं नाही? कारण मी "पुरे कर तो गेम" याशिवाय त्या विषयावर तिच्याशी कधी दुसरं वाक्य बोललेच नव्हते. कंपनीनं तिला अमेरिकेचा पत्ता लिहायला लावला असेल, पण "प्रोजेक्ट" हा शब्द तिला माझ्या भीतीनं शिकवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळलं तर मग तू काय केलंस?

आधी कपाट उघडलं. मग तिला सांगितलं की ते हॉटेलवालं खातं बंद कर. तिचं म्हणणं होतं, "सगळेच करतात." करत असतील. पण खोट्या पत्त्यावर घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क काय? उद्या कंपनीला कळलं आणि तिनं खातं बंद केलं तर त्यातले सगळे खेळ गेले, तक्रार करायची सोय नाही. आणि असल्या व्यवहारात अनोळखी माणसाला पैसे देताना फसलो तर पोलिसात तरी काय सांगणार? हे तिला पटलं. २४०० रुपये मात्र मी माफ केले नाहीत. दोन महिने रोज संध्याकाळी ती माझ्याकडे साड्यांना फॉल लावत होती. फॉलमागे पैसे लावून हिशेब वहीत लिहिला, त्याच वहीत!

मग आम्ही दोघींनी मिळून शोधाशोध केली. कळलं की नवीन खेळ महाग असतो, पण वर्षभरानं त्याची किंमत पुष्कळ उतरते. सणासुदीला सेल लागतात. तबकडीवरचा खेळ असेल तर खेळून झाल्यावर विकता येतो, मैत्रिणीशी बदलता येतो. भाच्याच्या ओळखीनं सुरतच्या दोन मुलांशी आता अशी देवाणघेवाण चालते, जशी आपण पूर्वी लायब्ररीची मासिकं फिरवायचो. भाचीला विचारलं, "तुमच्या आणि आमच्या, दोन्ही दुकानांत मिळतो असा कुठला खेळ आहे का?" तिनं चार नावं पाठवली. त्यातला एक सेलमध्ये सहाशेला मिळाला. माझे दोन ब्लाऊज!

आमच्या घरचे नियमही ठरले. खात्यावर देश खरा, नाव खरं, वय खरं. कार्ड किंवा नंबर कुणा अनोळखी माणसाकडून घ्यायचा नाही. पैसे भरायच्या आधी मला दाखवायचं, मी आधी ऐकून घेईन आणि मगच ओरडेन. पैसे लावून जिंकायच्या कुठल्याही गेमला हात लावायचा नाही, त्यात वडीलधारी माणसंसुद्धा आली. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस यंत्र कपाटात, पण किल्ली तिच्याकडे.

कंपन्यांनाही एक सांगायचंय. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीम या कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या मोठ्या दुकानानं आपल्याकडे रुपयात किंमती दाखवायला सुरुवात केली. इथली कार्डं चालायला लागली आणि बरेच खेळ इथल्या खिशाला झेपतील अशा किमतीत मिळायला लागले. भाचा सांगतो, त्याच्या बरोबरीची कितीतरी मुलं आधी चोरीच्या सीडीवर खेळायची, ती तेव्हापासून पैसे देऊन घ्यायला लागली. त्या दुकानाचे मालक गेब न्यूवेल यांनी २०११ मध्येच म्हटलं होतं की चोरी होते ती मुख्यतः किमतीमुळे नाही, नीट सेवा मिळत नाही म्हणून. आम्ही दुकानदारी करणाऱ्या बायकांना हे कुणी वेगळं सांगायची गरज नाही. गिऱ्हाईक दारात आलं आणि आपण शटर उघडलंच नाही, तर ते मागच्या गल्लीत जाणारच. त्याला चोर म्हणण्याआधी आपलं शटर उघडं होतं का, ते बघावं.

मागच्या रविवारी सकाळी माझ्या लेकीनं आणि भाचीनं खेळ लावला. इथे सकाळ, तिथे शनिवारची रात्र. दोघी मराठी-इंग्रजीत एकमेकींवर ओरडत होत्या. मागून भावाचा आवाज आला. मी म्हटलं, "काय रे दादा, मला कधी पूर्ण डाव खेळू दिला होतास का?" तो हसला आणि जरा वेळानं म्हणाला, "नाही गं. खरंच नाही दिला."

तेवढ्यात लेकीनं तिच्या हातातलं रिमोट माझ्या हातात दिलं. "मम्मी, तू धर. मी तुझ्यासाठी चहा टाकते."

मी तीन मिनिटांत मेले. भाची पलीकडून म्हणाली, "आत्या, परत एकदा!" आक्का दारातून बघत होत्या. मी फोन पालथा घातला नाही आणि रिमोटही लपवलं नाही. त्यांना म्हटलं, "या आक्का, बसा. चहा होतोय."